उलट्या हाताची पेटी

तळाशील म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे माडांची अरुंद पट्टी. या पट्टीवर बाजाची पेटी एकच होती आणि ती गुरुदास तांडेलच्या घरी होती. गुरुदास रापणकर. सकाळी दहा जणांबरोबर किनाऱ्यावरून रापण, म्हणजे समुद्रात सोडलेलं लांब जाळं, ओढायची, दुपारी पडवीत बसून जाळं शिवायचं, आणि एकादशीला, गणपतीत, सप्ताहात भजनाला बसायचं. भजनाला बसला की तो गुरुदास उरत नसे, बुवा होई. चाल बदले, मान ताठ होई, बायकोशीसुद्धा तो जरा वरच्या पट्टीत बोलू लागे.

पेटी त्याने तरुणपणी कुडाळहून आणलेली. खाऱ्या हवेने आतले सूर गंजतात म्हणून ती गोधडीत गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली असे. पावसाळ्यात घरात कुणाला सर्दी-पडसं झालं तर गुरुदास म्हणे, "होतला बरा." पेटीचा आवाज जरा बसला, की मात्र ती डोक्यावर घेऊन भर पावसात खाडी ओलांडून कुडाळ गाठी.

त्याची ख्याती होती पांढरी चारची. पेटीवरची चौथी पांढरी पट्टी 'सा' धरून तो गाई. पट्टी जितकी पुढची, तितका आवाज वर न्यावा लागतो, आणि गुरुदास तो वर नेऊन, तिथे ठेवून, वर लोकांकडे बघून हसत असे. पण अलीकडे दोनेक वर्षं वरचा सूर त्याला दाद देत नव्हता. गजर रंगात येऊन ती जागा जवळ आली की पखवाजावरचा विकी दोन्ही हातांनी तुटून पडे, झांजवाले झांजा कुटू लागत, मागचे सगळे एकदम ओरडत, आणि त्या कल्लोळात बुवांचा सूर लागला की नाही ते एका देवालाच कळे. कुणी कुणाशी याबद्दल बोललं नव्हतं. ते आपोआप होत गेलं होतं.

गुरुदासची बायको शेवंती मालवणच्या बाजारात मासे विकायची. बाजाराच्या या टोकाला तिने हाक दिली की त्या टोकाची गिऱ्हाइकं पिशव्या उघडत.

"तुजो आवाज बाजाराक बरो," गुरुदास म्हणे. "देवाक नको. देव भितलो."

"तुमचो आवाज ऐकान देव झोपता," शेवंती म्हणे. "कोणीतरी उठवक होयो मा तेका?"

लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं होतं, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर ओरोसच्या जिल्हा कचेरीतून स्वप्ना मॅडम आल्या. वाडीतल्या बायकांचा बचत गट होता, त्यावर देखरेख करायला त्या अधूनमधून येत. देवळाच्या मंडपात सगळ्यांना बसवून त्या म्हणाल्या, "यंदा ओरोसला महिला बचत गटांची भजन स्पर्धा आहे. आपल्या गटानं भाग घ्यायलाच हवा. तुमच्यात पेटी कोण वाजवतं?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी शेवंतीची शेजारीण सुगंधा म्हणाली, "पेटी शेवंतीच्या घराक आसा."

"वा! म्हणजे शेवंतीताई वाजवतात."

शेवंतीने तोंड उघडलं. पण नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. टोपलीत सुरमई नसली तरी ती गिऱ्हाइकाला 'नाय' म्हणत नसे, 'बांगडो बघा' म्हणे. तसंच आताही झालं. ती म्हणाली, "वाजवतंय. पण थोडा थोडा."

घरी जेवताना तिने ही बातमी सांगितली तेव्हा गुरुदास कढी पीत होता. ती त्याच्या नाकात गेली.

"तू? पेटी?" खोकता खोकता तो म्हणाला. "गो, पेटी म्हणजे बांगडो नाय, दाबून ताजो काय शिळो बघूक!"

"मगे शिकवा."

"मी शिकवूचंय नाय. आणि तू पेटीक हात लावशीत तर बग."

"लावतलंय," शेवंती म्हणाली आणि त्याला आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आल्यावर तिने गोधडी सोडली. गुरुदास अजून किनाऱ्यावर होता. पेटी समोर ठेवून ती बसली, उजव्या हाताने मागचा भाता हलवू लागली आणि डाव्या हाताची बोटं पट्ट्यांवर ठेवली. शेवंती डावखुरी. मासे कापायची ती डाव्या हाताने, फुलं माळायची डाव्या हाताने, पोरांना लहानपणी दिलेल्या चापट्याही डाव्या हातच्याच. पेटी उजव्या हाताने वाजवायची असते हे नवऱ्याला इतकी वर्षं बघूनही तिच्या मनात आलं नव्हतं. विठ्ठलाच्या नावाचा एक साधा गजर तिला पाठ होता. त्यातला एकेक सूर ती शोधू लागली. अंधारात पायाने चप्पल शोधावी तशी.

गुरुदास दारात येऊन उभा राहिला तेव्हा तिला कळलंही नाही.

"गो! उलटी बसलंस!"

"पेटी सुलटी आसा. मीच उलटी. लग्नात बघूक नाय काय तुमी?"

"डाव्या हातान भातो, उजव्या हातान सूर. ह्या असा आसता."

"कोणी सांगला?"

"सांगूक कोण कशाक होयो? सगळे तसाच वाजवतत."

"सगळ्यांक माजो हात आसा?"

गुरुदास जाळं घेऊन पडवीत जाऊन बसला, आणि पेटी तिच्या हातून काढून घ्यायची राहूनच गेली.

त्यानंतर रोज दुपारी हे सुरू झालं. आत शेवंती पेटी वाजवी, बाहेर गुरुदास जाळं शिवी. गजराच्या दुसऱ्या ओळीत एके ठिकाणी काळी पट्टी दाबायची होती आणि शेवंती नेमकी तिथे पांढरी दाबत असे. दोन दिवस गुरुदासने दात खाऊन ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून निसटलंच.

"काळी!"

"काय म्हणतास?" आतून शेवंतीने विचारलं.

"कायएक नाय."

ओळ पुन्हा सुरू झाली, पुन्हा तीच जागा, पुन्हा पांढरी.

"काळी दाब गो, काळी! थंय पांढरी नाय!"

मग काळी वाजली. ओळ जागेवर येऊन बसली.

"तुमी शिकवतास?" शेवंतीने विचारलं.

"मी जाळ्याक सांगतंय," गुरुदास म्हणाला.

त्या दिवसापासून गुरुदासने जाळ्याला बरंच काही शिकवलं. भाता ओढताना दम कसा सांभाळायचा, एक सूर सोडायच्या आधी दुसऱ्याचं बोट तयार कसं ठेवायचं, गाताना पेटीच्या मागे धावायचं नसतं, पेटीला आपल्या मागे आणायचं असतं. सुगंधा एकदा पाण्याला जाताना थबकली आणि तिने विचारलं, "भावजी, जाळा काय म्हणता?" गुरुदास म्हणाला, "जाळा हुशार आसा. पण कोणाचा ऐकणा नाय." रापणीच्या लोकांनी मात्र तक्रार केली. गुरुदासच्या हातची गाठ कधी सुटत नसे, आणि आता त्याने शिवलेल्या भागातून तारलीसारखी बारीक मासळी खुशाल बाहेर पडत होती.

शेवंतीही हटणाऱ्यातली नव्हती. बाजारात गिऱ्हाईक नसलं की टोपलीच्या काठावर तिची डावी बोटं चालत. एकाने बांगड्याचा भाव विचारला तर तिने तालात सांगितला. हळूहळू गजर उभा राहिला. मग एक अभंग, मग दुसरा. बायका देवळात जमू लागल्या. त्यांच्यात पखवाज वाजवणारी कुणी नव्हती म्हणून विकीला धरून आणलं. विकी आईस फॅक्टरीत कामाला, अंगाने दांडगा, पण बायकांच्या घोळक्यात बसल्यावर आठवडाभर त्याने मान वर केली नाही.

स्पर्धेच्या सकाळी गुरुदास म्हणाला, "माका काम आसा. मी येवचंय नाय." पण पेटी त्याने स्वतः बांधली. गोधडी, तिच्यावर प्लास्टिक, वर सुंभ. खाडीच्या धक्क्यापर्यंत ती स्वतःच्या डोक्यावरून आणली आणि होडीत ठेवताना म्हणाला, "जपान जा."

"जातंय," शेवंती म्हणाली.

"तुका नाय सांगूक. पेटीक सांगतंय."

ओरोसच्या सभागृहात पंखे गरगरत होते, आणि प्रत्येक गटाच्या बायका एकसारख्या साड्या नेसून आल्या होत्या. तळाशीलच्या बायकांच्या साड्या आपापल्या होत्या. शेवंती मंचावर बसली, तिने उजवा हात भात्यावर ठेवला, आणि खालून खुसखुस ऐकू आली. एक परीक्षक पुढे वाकून म्हणाले, "ताई, आपण उलट्या बसलात का?"

"नाही साहेब, माझा हातच उलटा आहे," शेवंतीने कचेरीतलं मराठी काढून सांगितलं.

मग तिने पहिला सूर धरला. बाजारात कमावलेला तो आवाज सभागृहात सुटला तेव्हा पंखेसुद्धा गप्प झाल्यासारखे वाटले. पेटी साधीच होती, दोन ठिकाणी चुकलीही, पण आवाज असा मोकळा, की बाहेरचे शिपाई दारात येऊन उभे राहिले. दुसऱ्या गजराला सगळ्या सभागृहाने टाळ्यांचा ठेका धरला. वेळ संपल्याची घंटा वाजली. शेवंतीला वाटलं, कुणीतरी साथीला घंटा घेऊन बसलंय. तिने आणखी जोर केला. घंटा पुन्हा वाजली. तिने हसून मान डोलावली आणि लय वाढवली. शेवटी स्वप्ना मॅडमनी मंचावर येऊन तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा कुठे ती थांबली.

वेळ ओलांडली म्हणून नंबर गेला. सगळ्या सहभागींना मिळाला तो स्टीलचा डबा घेऊन बायका परत आल्या.

विकी मोटरसायकलवरून, खाडीला वळसा घालून, आधी येऊन पोचला होता. गुरुदास धक्क्यावर उभा होता, सहज आल्यासारखा.

"गुरुदासकाका, काकीन हॉल खाल्ल्यान!"

"नंबर कितवो?"

"नंबर नाय."

"असा होय," गुरुदास म्हणाला. त्याचे खांदे जरा खाली आले. मग त्याने विचारलं, "दुसऱ्या ओळीत काळी बरोबर लागली?"

"लागली."

"पेटीचो काय दोष नाय," तो म्हणाला. "पेटी चांगलीच आसा माजी." आणि समुद्राकडे बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते विकीला दिसू नये म्हणून ती समुद्राची पाहणी होती.

हे इथेच संपलं असतं. पण शिमग्याच्या आधी देवळात सप्ताह बसतो, आणि त्यात दरवर्षी डबलबारी होते. दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात, आणि गजरातून एकमेकांची यथेच्छ टर उडवतात. यंदा बाहेरच्या कुणाला बोलवायचं यावर मंडळात चर्चा चालली होती, तेव्हा विकी म्हणाला, "भायर कशाक जावचा? घरातच दोन बुवा आसत."

गुरुदास तडकला. "बायलेबरोबर बारी? लोकां हसतली!"

"हसूकच येतली, काका."

शेवंती टोपली डोक्यावर घेऊन बाजूने चालली होती. ती न थांबता म्हणाली, "तेंका भय वाटता, रे."

एवढं पुरलं. संध्याकाळी देवळाच्या फळ्यावर खडूने नावं लागली: गुरुदास बुवा आणि शेवंती बुवा. फळ्यापुढे बायका जमल्या.

"शेवंती बुवा झाली," सुगंधा विचारात पडून म्हणाली, "तर मगे गुरुदासभावजी कोण?"

"बुवाचो घोव," मागून कुणीतरी म्हणालं. 'बुवाचा नवरा' हे नाव तळाशीलमध्ये चांगलं आठवडाभर चाललं.

बारीच्या दिवशी रापण समुद्रात गेलीच नाही. दुपारी सर्जेकोटहून, रेवंडीहून होड्या भरून माणसं आली. मंडप गच्च भरला, मागची पोरं माडांवर चढली. विकी म्हणाला, आपण दोघांच्याही बाजूने वाजवणार, कारण दोघांच्याही घरी जेवतो. पेटी एकच, म्हणून ती मधे ठेवली होती. गुरुदास एका बाजूला, शेवंती समोर. ज्याची पाळी त्याच्याकडे पट्ट्या फिरवायच्या.

पहिली पाळी गुरुदासची. नमन झालं, अभंग झाला, आणि मग डोळे मिचकावून त्याने गजराला हात घातला:

"चुलीर ठेवल्यान आधाण, पेटीर ठेवल्यान हात,
सा रे ग म करता करता करपान गेला भात!"

मंडप फुटला. म्हातारे एकमेकांच्या पाठी थोपटू लागले. शेवंतीने पेटी शांतपणे आपल्याकडे फिरवली, उलटा हात ठेवला आणि सूर धरला:

"करपान गेला भात तरी जेवलो पोटभर,
तोंडान म्हणता 'नको नको', हात टोपावर!"

आता बायकांच्या बाजूने असा काही कल्ला झाला, की गाभाऱ्यातला पुजारी बाहेर डोकावला. गुरुदासही हसला. त्याला ते हसू आवरता येईना, आणि पेटी आपल्याकडे ओढताना त्याच्या अंगात जुना रंग चढू लागला. एक पाळी, दोन पाळ्या, जुगलबंदी वाढत गेली. शेवंतीने त्याच्या समुद्रावरच्या बढाया काढल्या. त्याने तिच्या भाव सांगण्याच्या तऱ्हा काढल्या. उन्हं कलली तरी कुणी उठेना.

शेवटच्या पाळीला गुरुदासने पांढरी चार धरली आणि जुना गजर सुरू केला, ज्याच्यावर त्याचं नाव झालं होतं. गजर चढू लागला. वरची ती जागा जवळ आली. विकीने सवयीने दोन्ही हात उचलले, झांजवाले सरसावले. आणि गुरुदासने, रंगात येऊन, हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आज त्याला तो सूर सगळ्यांना स्वच्छ ऐकवायचा होता.

पखवाज थांबला. झांजा थांबल्या. मंडपात नुसता समुद्र ऐकू येत होता. गुरुदासने डोळे मिटले आणि आवाज वर टाकला.

तो मधेच चिरला. एकदा चिरला, त्याने पुन्हा उचलला, पुन्हा चिरला. मग आवाजच आला नाही. भात्यावरचा त्याचा हात थांबला, पेटीतली हवा संपली आणि सूरही बसत बसत विरून गेला. गुरुदासचं बोट पट्टीवर तसंच राहिलं होतं. डोळे त्याने उघडले नाहीत.

डबलबारीचा रिवाज असा, की समोरचा बुवा चुकला की त्याला सोडायचं नाही. मोठमोठ्या बुवांनी एका चुकीवर अख्खी बारी मारलेली आहे. सगळ्यांच्या नजरा शेवंतीकडे गेल्या. विकी खाली बघत पखवाजाची वादी उगाच चाचपू लागला.

पेटीच्या पट्ट्या गुरुदासकडे होत्या, म्हणजे भाता शेवंतीकडे. तिने हात पुढे केला आणि समोरून भाता हलवला. गुरुदासचं बोट पट्टीवर होतंच. सूर पुन्हा जागा झाला. आणि जिथे तो चिरला होता, नेमकी तिथूनच शेवंतीने ती ओळ उचलली. ती जागा गुरुदासला आता अवघड झालेली; शेवंतीच्या आवाजाला ती रोजची हाक मारायची जागा. ती तिथे आरामात उभी राहिली, ओळ वर नेली, फिरवली आणि अलगद समेवर आणून ठेवली. गुरुदासची बोटं तिच्या मागोमाग पट्ट्यांवर चालत होती, डोळे मिटलेलेच.

मग ती लोकांकडे वळली.

"बुवांनी सूर खाली टाकलो, मी उचलूचो म्हणान," ती म्हणाली. "घरात ओलो पंचो असोच टाकतत!"

मग सुगंधाने तोंडावर पदर धरला, आणि तिथून जे हसू सुटलं ते पार माडांवरच्या पोरांपर्यंत गेलं. गुरुदासचे कान लाल झाले होते. त्याने डोळे उघडले, बायकोकडे बघितलं, आणि त्यालाही हसू फुटलं. असं, की त्याला पेटीवर डोकं टेकावं लागलं आणि सगळे सूर एकदम वाजले. विकीने तेवढ्यात पखवाज सुरू केला. पुढचा गजर दोघांनी मिळून म्हटला, कारण आता पाळी कुणाची ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. देवळाच्या मानकऱ्यांनी दोघांना एकेक नारळ दिला.

घरी आल्यावर मात्र गुरुदास गप्प झाला. पेटी त्याने गोधडीत बांधून ठेवली आणि तिच्याकडे बघेना. रापणीला जाई, येई, जेवी, झोपे. पंचा दोरीवर वाळत घालू लागला, तेव्हा शेवंतीला खरी काळजी वाटली.

दोन-चार दिवस तिने जाऊ दिले. मग एका दुपारी पडवीत त्याच्यासमोर पेटी आणून ठेवली.

"नको," तो म्हणाला. "माजो सूर गेलो गो."

"गेलो नाय. खाली उतारलो. जिन्यावरसून उतारलेलो माणूस काय मरता?"

"पांढरी चार होती माजी."

"आता काळी एक धरा. खाली बसान गावा. देवाक काय पट्टी कळता?"

"कळता," गुरुदास म्हणाला. देवाच्या बाबतीत तो तडजोड करत नसे.

"मगे तेका ह्या दोन वर्सांतला पण कळलाच आसतला. काय बोललो तो?"

गुरुदास तिच्याकडे बघत राहिला. "दोन वर्सां? तुका... तुका ठावक होता?"

"सगळ्या वाडीक ठावक होता. विकी त्या जागेर पखवाज कित्याक बडवी?"

"माका वाटला तेका रंग चढता!"

शेवंती हसली नाही. तिने तोंड आत वळवून घेतलं, एवढंच. गुरुदास बराच वेळ जाळ्याच्या ढिगाकडे बघत बसला. विकी, झांजवाले, मागे ओरडणारे ते सगळे, एकेक चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून जात असावा. "मेल्यांनी," तो शेवटी म्हणाला, "कोणी सांगूक नाय." पण ते म्हणताना त्याचा आवाज रागाचा नव्हता. त्याने पेटी जवळ ओढली. काळी एकचा सूर धरला, खोल, जरा घोगरा, आणि हळू गाऊ लागला. वर चढायचं ओझं उतरल्यामुळे असेल, त्याला शब्द सापडू लागले. पूर्वी तो सूर दाखवायचा. आता अभंगात काय म्हटलंय ते ऐकू येत होतं. शेवंतीने तांदूळ निवडायला घेतले होते, त्यातले खडे तिच्याकडून तसेच राहिले.

"बरा लागता?" त्याने विचारलं.

"शेजारीण भांडूक येवक नाय अजून, म्हणजे बराच आसतला."

पावसाच्या आधी, बायकांच्या मंडळाला खारेपाटणचं बोलावणं आलं. तिकडच्या एका देवळात कार्यक्रम होता आणि त्यांना ती उलट्या हाताने पेटी वाजवणारी बाई हवी होती. पहाटेच्या होडीत पेटी गुरुदासनेच चढवली, आणि मग तोही चढला.

"तुमी खंय?" शेवंतीने विचारलं.

"पेटी जड आसा. तुमच्यात कोण उचलतला?"

पेटी सुगंधाही एका हाताने उचलू शकली असती.

खारेपाटणच्या देवळात आयोजक हार घेऊन पुढे आले. बायकांच्या घोळक्यात झुपकेदार मिशांचा एकच माणूस बघून त्यांनी सरळ त्याच्याकडे हात केले. "या बुवा, या. इथं मधे बसा."

गुरुदास मागे सरला. "मी नाही," तो म्हणाला. "बुवा ते." आणि त्याने शेवंतीकडे बोट केलं.

"मग आपण?"

गुरुदासने शेवंतीकडे बघितलं.

"ते कोरसला आहेत," शेवंती म्हणाली.

सुगंधाने सरकून जागा केली आणि त्याच्या हातात झांजा दिल्या. कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या गजराला गुरुदास नीट मागून म्हणत होता. दुसऱ्याला मात्र त्याला राहवेना. त्याचा आवाज वाढला, सगळ्या बायकांच्या पुढे गेला आणि शेवंतीच्या आधी ओळीच्या शेवटाला जाऊन उभा राहिला. पेटी थांबली. विकीचा हात हवेत राहिला. शेवंतीने सावकाश मान मागे वळवली.

"कोरस," ती म्हणाली, "मागसून."

"हो, बुवा," गुरुदास म्हणाला, आणि ती पुढे निघेपर्यंत झांजा मांडीवर धरून थांबून राहिला.